ले-आउटमधली झाडं: नुसता आकडा मोजून भागत नाही

यवतमाळ, वणी, पुसद, कुठल्याही गावाबाहेर निघा. 'एनए प्लॉट'ची पाटी आणि हद्दीचे रंगवलेले दगड दिसतातच. काल तिथे कपाशी होती, धुऱ्यावर मोह, चिंच, कडुनिंब. घरं तर लागणारच. मग यातलं काय वाचवता येईल? रिसर्चसाठी विषय चांगला आहे, पण बहुतेक प्रस्ताव पहिल्याच पायरीवर घसरतात. प्रश्न असा असतो: 'आधी झाडं किती होती, नंतर किती राहिली?' शंभर तोडली, दोनशे लावली, की उत्तर फायद्याचं येतं!

आता राखी धनेश घ्या. हा पक्षी जुन्या झाडाच्या ढोलीत घरटं करतो. मादी स्वतःला आत कोंडून घेते, तोंड लिंपून फक्त फट ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला वड-उंबराची फळं भरवतो. अशी ढोली तयार व्हायला कित्येक दशकं जातात. दोनशे रोपांत ती एकही नसते. पिंगळ्याचंही तेच.

यवतमाळात वन्यजीव म्हटलं की टिपेश्वरचा वाघ आठवतो. 2019 मध्ये तिथून निघालेला कॉलर लावलेला वाघ शेतशिवारांतून थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. म्हणजे अधिवास अभयारण्याच्या हद्दीवर संपत नाही. ले-आउटच्या जागेत मात्र प्रश्न सहसा धनेश, पिंगळा, मुंगूस, घोरपड यांचा असतो, आणि त्यांना कोणी कॉलर लावत नाही.

मग सॅटेलाइट वापरू, असं वाटेल. लँडसॅटचा पिक्सेल 30 मीटरचा, सेंटिनेल-2 चा 10 मीटरचा. धुऱ्यावरचा एकटा मोह त्यात शेजारच्या कपाशीत मिसळून जातो. 2024 मध्ये 'नेचर सस्टेनेबिलिटी'त भारतातल्या शेतांमधल्या मोठ्या झाडांवर एक अभ्यास आला. त्यांनी जास्त बारीक प्रतिमांवर एकेक झाड ओळखलं, तेव्हा कुठे दिसलं की 2010-11 मध्ये नोंदलेल्या मोठ्या झाडांपैकी सुमारे 11 टक्के 2018 पर्यंत गेली होती. ले-आउटपुरतं बोलायचं तर टेप घेऊन पायी फिरणंच बरं. जात, छातीच्या उंचीवरचा घेर, ढोली आहे का, फळं कोणत्या महिन्यात, कोण येऊन बसतं, एवढं लिहा.

घेर का? कारण त्यावरून मुळांची जागा काढता येते. ब्रिटिश मानक बीएस 5837 सांगतं की खोडाच्या व्यासाच्या 12 पट त्रिज्येचं वर्तुळ मोकळं ठेवा. घेर 3 मीटर असेल तर व्यास साधारण 95 सेंटिमीटर, त्रिज्या साडेअकरा मीटर, क्षेत्रफळ 410 चौरस मीटरच्या वर. 1,500 चौरस फुटांचे जवळपास 3 प्लॉट झाले! बिल्डर ऐकेल का?

ऐकू शकतो, कारण जागा त्याला तशीही सोडायचीच आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये 10 टक्के खुली जागा लागते. एका हेक्टरला 1,000 चौरस मीटर, म्हणजे असे दोन मोह सहज बसतात. घोळ क्रमाचा आहे. आधी रस्ते आखतात, मग प्लॉट, आणि उरलेला वाकडा कोपरा 'ओपन स्पेस' होतो. झाडांचा सर्व्हे आखणीच्या आधी झाला तर हाच कोपरा मोहाखाली सरकतो, आणि प्लॉट बहुधा तेवढेच राहतात. माझ्या मते खरा रिसर्च प्रश्न इथे आहे: मंजूर नकाशे घ्या, त्यावर जुनी झाडं टाका, आणि किती ठिकाणी नुसती खुली जागा हलवून झाड वाचलं असतं ते मोजा.

कायदाही बघून ठेवा. नगरपालिका हद्दीत 1975 चा वृक्ष कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज ठरतं आणि ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. हद्दीबाहेर 1964 चा कायदा, तोही यादीतल्या जातींपुरता. मोह आणि चिंच त्यात आहेत. नवे ले-आउट नेमके या सीमेवर येतात, त्यामुळे कोणत्या सर्व्हे नंबरला कोणता कायदा, हे आधी ठरवा.

आणि झाड 'वाचलं' अशी नोंद लगेच करू नका. काळ्या मातीवर बांधायचं म्हणून सगळीकडे मुरमाचा भराव टाकतात. तो मुळांवर फूट-दोन फूट पडला की हवा तुटते, आणि झाड एक-दोन उन्हाळ्यांनी वाळतं. तोवर रिपोर्ट जमा झालेला असतो. निदान तीन वर्षं परत जाऊन बघा, आणि एक फेरी मार्च ते जूनमध्ये ठेवा, म्हणजे धनेश आला का तेही कळेल.