ओंडक्यापासून लगद्यापर्यंत : लाकडाचे तंतू सोडवणारी यंत्रे

लाकूड हे लांबट, पोकळ आणि दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या तंतूंचे बनलेले असते. स्प्रूस किंवा पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांत हा तंतू साधारण ३ मिलिमीटर लांब असतो आणि त्याची रुंदी लांबीच्या शंभराव्या भागाएवढीच असते. निलगिरीसारख्या रुंद पानांच्या झाडांत तो बराच आखूड, १ मिलिमीटरच्या आसपास असतो. तंतूची भिंत मुख्यतः सेल्युलोजची असते. शेजारच्या दोन तंतूंमधला पातळ थर मात्र लिग्निनने भरलेला असतो आणि तोच त्यांना एकमेकांशी जखडून ठेवतो. कागद करायचा तर हे तंतू सुटे व्हावे लागतात, आणि सुटताना अखंड राहावे लागतात. कुऱ्हाड, करवत, रंधा यांनी लाकूड कितीही बारीक केले तरी भुसा मिळतो, लगदा मिळत नाही. भुशाच्या कणांत तंतू आडवे कापलेले असतात. ते एकमेकांत गुंतत नाहीत आणि त्यांचा ताव उभा राहत नाही.

एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपातला कागद चिंध्यांचा होता. सुती आणि तागी कापडातले तंतू आधीच सुटे झालेले असत, त्यामुळे चिंध्या कुटणे पुरे होई. छपाई वाढली आणि चिंध्या कमी पडू लागल्या. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७१९ मध्येच गांधीलमाशीकडे बोट दाखवले होते: ही माशी जुने लाकूड कुरतडून, लाळेत भिजवून कागदासारखे घरटे बांधते, मग माणसाला ते का जमू नये? प्रश्न नेमका होता, पण त्याचे यंत्रात उतरलेले उत्तर मिळायला सव्वाशे वर्षे गेली.

सॅक्सनीतल्या हाइनिखेन गावचा विणकर फ्रीडरिश गोटलोब केलर याने १८४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत लाकूड पाणी सोडलेल्या सहाणेच्या चाकावर दाबून पाहिले. लहानपणी चेरीच्या बिया फळीत अडकवून अशाच दगडावर घासण्याचा खेळ त्याच्या आठवणीत होता, असे सांगतात. खाली जमलेल्या गढूळ पाण्यातून त्याने कागदाचा ताव काढला. त्याच सुमारास कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा चार्ल्स फेनर्टी हाही त्याच वाटेने गेला होता. १८४४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने हॅलिफॅक्सच्या वृत्तपत्राला स्प्रूसच्या कागदाचा नमुना पत्रासोबत पाठवला. फेनर्टीची कल्पना तिथेच थांबली. केलरची कारखान्यापर्यंत पोहोचली, पण केलरच्या हातून नाही. पैशाअभावी त्याने १८४६ मध्ये आपले हक्क हाइनरिश फ्योल्टर या कागद गिरणीवाल्याला विकले. फ्योल्टरने हाइडेनहाइमच्या योहान माथेउस फॉइट याच्या कारखान्यात यंत्र सुधारून घेतले. फॉइटचे नाव आजही कागदयंत्रांवर दिसते. केलरला मात्र आपल्या शोधातून संपत्ती मिळाली नाही, आणि हे या इतिहासातले खरोखर खंत वाटावे असे पान आहे.

दगडाचे हे यंत्र, म्हणजे ग्राइंडर, पाहायला सोपे दिसते. दीड ते पावणेदोन मीटर व्यासाचा दगड आडव्या दांड्यावर फिरतो. त्याच्या परिघाचा वेग सेकंदाला २० ते ३० मीटर असतो. साल काढलेले, ठरावीक लांबीचे ओंडके दगडाच्या दांड्याला समांतर ठेवून पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दट्ट्याने दगडावर रेटले जातात, आणि वरून पाण्याचे फवारे सतत चालू असतात. दगडाखालच्या खड्ड्यात दुधाळ लगदा साचतो. ओंडका आडवा, म्हणजे त्यातले तंतू दगडाच्या गतीला काटकोनात ठेवण्याला फार महत्त्व आहे. ओंडक्याचे कापलेले तोंड दगडावर टेकवले तर भुसाच निघेल.

दगड लाकूड खरवडतो असे वाटते, पण खरे काम वेगळेच चाललेले असते. दगडाच्या पृष्ठावरचा प्रत्येक कण लाकडाला क्षणभर दाबतो आणि सोडतो. असे दाब सेकंदाला हजारोंच्या संख्येने पडतात. या सततच्या दाबण्या-सोडण्याने लाकूड पृष्ठाखाली आतून तापते. ओले लिग्निन १०० अंश सेल्सियसच्या पुढे मऊ पडू लागते. तंतूंमधली पकड सैल झाली की दगडाच्या घर्षणाने ते सोलून निघतात. पाणी कमी पडले तर लाकूड करपते. जास्त आणि गार पडले तर लिग्निन मऊ होत नाही आणि तंतू तुटतात. तंतू सोडवणारी खरी शक्ती ओली उष्णता आहे आणि दगड ती निर्माण करण्याचे साधन आहे, हे उमगल्यावरच पुढची सगळी यंत्रे जन्माला आली.

सुरुवातीचे दगड खाणीतल्या वालुकाश्माचे होते. त्यांच्यात एकसारखेपणा नसे, वेग आणि उष्णता वाढली की ते तडकत, आणि कित्येक टन वजनाचा फिरता दगड फुटणे हा गिरणीतला जीवघेणा अपघात असे. १९२० च्या दशकात अमेरिकेत सिलिकॉन कार्बाइड किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांपासून भाजलेले तुकडे काँक्रीटच्या गाभ्याभोवती बसवून कृत्रिम दगड बनू लागले आणि ही चिंता बरीच मिटली. दगड कोणताही असो, जात्याला टाकी लावावी तशी त्यालाही ठरावीक काळाने लावावी लागते. इथे ते काम दातेरी पोलादी रोळ दगडावर दाबून होते. नुकता टाकी लावलेला दगड भराभर दळतो, पण लगदा जाडसर देतो. दगड गुळगुळीत होत जातो तसा लगदा बारीक आणि चांगला होतो, मात्र वीज जास्त लागते. म्हणून जाणते कामगार सगळ्या ग्राइंडरांना एकाच दिवशी टाकी लावत नाहीत. काही दगड ताजे, काही मुरलेले ठेवून एकत्र लगद्याचा दर्जा रोज सारखा राखतात. हे कसब आकडेवारीत दिसत नाही, पण वर्तमानपत्राचा कागद छपाईयंत्रावर तुटतो की नाही हे त्यावर ठरत असे.

ग्राइंडरचे प्रकार अनेक झाले: हाताने कप्पे भरण्याचे, वरून ओंडक्यांची रास उतरत राहणारे, साखळ्यांनी लाकूड सतत खाली ओढणारे. १९७० च्या दशकात फिनलंडच्या टांपेला कंपनीने ग्राइंडरच हवाबंद करून दाबाखाली चालवला. दाब वाढला की पाणी १०० अंशांना उकळत नाही, लिग्निन अधिक मऊ होते आणि तंतू अधिक लांब राहतात. फिनलंडमध्येच व्हेर्ला येथे जुन्या पद्धतीची लाकूड दळण्याची आणि पुठ्ठ्याची गिरणी आहे तशी जपलेली आहे. १९६४ मध्ये ती बंद झाली आणि १९९६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

भारतात वर्तमानपत्री कागदाची पहिली गिरणी नेपानगरला उभी राहिली. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, भुसावळ-खंडवा रेल्वेमार्गावरचे हे गाव आज मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात येते. १९४७ मध्ये खासगी कंपनी म्हणून सुरू झालेल्या या गिरणीत १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९५६ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. स्प्रूस हिमालयाखेरीज आपल्याकडे नाही, म्हणून सातपुड्याच्या जंगलातली सालई निवडली गेली. एरवी धुपासाठी ओळखल्या जाणाऱ्या या झाडाचे लाकूड मऊ आहे, त्यामुळे त्याचा यांत्रिक लगदा होऊ शकला. मात्र तंतू आखूड असल्याने नुसत्या सालईचा कागद पुरेसा बळकट होत नाही. जोडीला बांबूचा रासायनिक, म्हणजे रसायनांत शिजवून केलेला, लगदा मिसळावा लागे.

दगडाला पर्याय शोधणारी दुसरी वाट वाफेतून गेली. अमेरिकेत मिसिसिपीतल्या लॉरेल येथे विल्यम मेसन याने १९२४ च्या सुमारास लाकडाचे चिप्स एका मजबूत नळकांड्यात भरले, काही सेकंद प्रचंड दाबाची वाफ दिली आणि झडप एकदम उघडली. आतली वाफ फुटून बाहेर पडताना चिप्सच्या चिंधड्या झाल्या आणि तंतू सुटले. त्यापासून झालेला टणक पुठ्ठा मेसोनाइट या नावाने जगभर गेला. स्वीडनमध्ये आर्ने आस्पलुंड याने १९३१ मध्ये याहून सौम्य आणि अखंड चालणारी युक्ती काढली: चिप्स सुमारे १७० अंशांच्या वाफेत मऊ करायचे आणि त्याच दाबाखाली दोन खाचदार तबकड्यांमध्ये विलग करायचे. यात वीज आश्चर्य वाटावे इतकी कमी लागली. पण त्या तापमानाला तंतू लिग्निनच्या थरातूनच सुटतात, थंड होताना लिग्निन त्यांच्यावर काचेसारखे कडक बसते, रंग काळपट होतो आणि असे तंतू एकमेकांना धरत नाहीत. कागदाला हा लगदा निरुपयोगी, पुठ्ठ्याला उत्तम. आज घराघरांतल्या कपाटांत दिसणारा एमडीएफ याच कुळातल्या यंत्रांतून निघालेल्या तंतूंचा असतो.

कागदाला हवे होते ते तापमान मधले होते. साधारण ११० ते १३० अंशांवर लिग्निन पुरेसे सैल होते, पण तंतूची फारकत त्याच्या भिंतीतूनच होते आणि सेल्युलोज उघडे पडते. उघड्या सेल्युलोजमुळेच ओले तंतू सुकताना एकमेकांना पकडतात. या तत्त्वावरची थर्मोमेकॅनिकल पद्धत १९६८ मध्ये स्वीडनच्या रोखामार गिरणीत प्रथम वापरात आली आणि पुढच्या वीस वर्षांत तिने अनेक देशांत दगडाला मागे सारले. तिला ओंडकाच लागतो असे नाही. करवत गिरणीतून उरलेल्या लाकडाचे चिप्सही चालतात, हा तिचा मोठा व्यावहारिक फायदा ठरला.

या पद्धतीचे मुख्य यंत्र म्हणजे रिफायनर. त्याच्याकडे येणारे चिप्स आधी चाळले जातात, धुतले जातात आणि त्यांतले खडे, लोखंड काढले जाते, कारण एक छोटा बोल्टही लाखो रुपयांच्या तबकड्या नासवू शकतो. वाफेत काही मिनिटे मऊ झालेले चिप्स स्क्रूने तबकडीच्या मध्यातून आत ढकलले जातात. एक तबकडी स्थिर आणि एक फिरती, किंवा दोन्ही उलट दिशांनी फिरत्या असतात. दीड मीटर आणि त्याहून मोठ्या व्यासाची ही तबकडी भारतात-युरोपात मिनिटाला १५०० फेरे घेते, तर ६० हर्ट्‌झची वीज असलेल्या उत्तर अमेरिकेत १८०० फेरे. मोठ्या रिफायनरच्या मोटरी १० ते ३० मेगावॅटच्या असतात.

तबकडीवर मिश्र पोलादाच्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि त्यांवर धारा आणि खाचा यांची नक्षी असते. मध्याजवळ धारा मोजक्या आणि जाड. तिथे चिप्स काडीएवढे फुटतात. परिघाकडे धारा बारीक आणि दाट होत जातात. बाहेरच्या कडेला दोन तबकड्यांमधले अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागापासून तीन दशांश भागांपर्यंत, म्हणजे काही तंतूंच्या जाडीएवढे असते. तरीही तबकड्या एकमेकींना टेकत नाहीत. मध्ये लाकडाचा आणि वाफेचा थर असतो आणि तंतूंचे बरेचसे काम तंतूच करतात, एकमेकांवर घासून. चिप्सचा पुरवठा क्षणभर तुटला तर हा थर नाहीसा होतो आणि पोलादावर पोलाद आदळते. म्हणून कंप मोजणारी साधने तबकड्या झटकन दूर घेतात. टनावारी वजनाची फिरती तबकडी मिलिमीटरच्या शतांशात स्थिर ठेवणे ही या यंत्राच्या घडणीतली खरी करामत आहे.

मोटरची बहुतेक ऊर्जा शेवटी वाफ होऊन बाहेर पडते. एक टन लगद्याला दगडाच्या ग्राइंडरात साधारण ११०० ते २२०० किलोवॅट तास, तर थर्मोमेकॅनिकल पद्धतीत १८०० ते ३६०० किलोवॅट तास वीज लागते. प्रत्यक्ष तंतू विलग करण्यासाठी यातला फार थोडा वाटा खर्ची पडतो. म्हणूनच चांगल्या गिरण्या ही वाफ वाया घालवत नाहीत. तिच्यावर कागद सुकवणारे रोळ तापवले जातात. वीज स्वस्त असलेल्या नॉर्वे, स्वीडन, कॅनडा या जलविद्युतसमृद्ध देशांत ही पद्धत रुजली, यामागे हेच गणित आहे.

रिफायनरमधून निघालेला तंतू पिळवटलेला, वळलेला असतो आणि थंड झाला तर तसाच गोठतो. त्याला गरम पाण्यात काही काळ ढवळत ठेवून सरळ करतात. नंतर बारीक फटींच्या चाळण्यांतून न सुटलेल्या काड्या वेगळ्या काढून पुन्हा दळायला पाठवतात. लगद्यातून पाणी किती लवकर निथळते यावरून त्याचा बारीकपणा मोजला जातो. गरजेप्रमाणे हायड्रोजन पेरॉक्साइडने तो उजळवतात; क्लोरीनसारखी लिग्निन काढून टाकणारी द्रव्ये टाळली जातात, कारण लिग्निन काढले तर वजन घटते आणि पद्धतीचा हेतूच संपतो. १०० किलो लाकडातून ९५ किलोच्या आसपास लगदा मिळणे हे यांत्रिक पद्धतीचे बळ आहे. लिग्निन कागदातच राहत असल्याने तो उन्हात पिवळा पडतो. वर्तमानपत्राला ते चालते, ग्रंथाला चालत नाही.

रासायनिक पद्धत याच्या उलट वागते. डायजेस्टर नावाच्या दाबपात्रात चिप्स कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात शिजवून लिग्निन विरघळवले जाते. लगदा निम्म्याच्या आसपास उरतो, पण मजबूत असतो. शिजलेले चिप्स डायजेस्टरात आपला आकार टिकवून असतात. तळाची झडप उघडून ते टाकीत सोडले की दाब एकदम उतरतो आणि त्या धक्क्याने तंतू सुटे होतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरच्या गिरणीत बांबूचा लगदा याच मार्गाने तयार होत आला. दोन्हींमधली वाट केरळमधल्या वेळ्ळूर येथील वर्तमानपत्री कागदाच्या सरकारी गिरणीने घेतली: निलगिरीचे चिप्स आधी रसायनात मुरवून मग रिफायनरमध्ये घालायचे. टणक, आखूड तंतूंच्या लाकडाला ही मिश्र पद्धत मानवते.

वर्तमानपत्रांचा खप घटल्यावर युरोप-अमेरिकेतल्या अनेक रिफायनर रांगा बंद झाल्या. भारतातला वर्तमानपत्री कागद आता मुख्यतः रद्दीपासून होतो. नेपानगरची गिरणीही रद्दीवर आली आहे. यांत्रिक लगद्याची मागणी औषधांच्या आणि खाद्यपदार्थांच्या खोक्यांसाठी लागणाऱ्या जाड बोर्डाकडे सरकली आहे, कारण त्याचे ताठ तंतू कमी वजनात जाडी देतात. वीज वाचवण्यासाठी नव्या रांगांत पहिल्या टप्प्यापुरता वाफेचा रिफायनर वापरतात आणि पुढचे काम पातळ लगद्यावर, कमी शक्तीच्या रिफायनरमध्ये पूर्ण करतात.