एका चौरस मीटरवर दीडशे कोटी थेंब

खाऱ्या वाऱ्यात उघडं राहिलेलं साधं पोलाद किती झिजतं? हवेचा गंजकपणा मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात समुद्रकाठच्या अतिखारट हवेसाठी सी-५ हा वर्ग आहे. त्यात पहिल्याच वर्षी पोलादाचे ८० ते २०० मायक्रॉन जातात. आता दुसरा आकडा पाहा. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीने १९५३ साली अ‍ॅल्युमिनियम आणि जस्त फवारलेले पोलादी पत्रे किनाऱ्यावर आणि थेट समुद्राच्या पाण्यात ठेवले. १९ वर्षांनंतरही अवघ्या ८० ते १५० मायक्रॉन अ‍ॅल्युमिनियमखालचं पोलाद शाबूत होतं. उघडं पोलाद वर्षभरात जेवढी जाडी गमावतं, तेवढ्याच जाडीच्या थराने १९ वर्षं निभावली!

हा थर बनतो कसा, ते तर आणखी अचाट. मेटलायझिंगच्या, म्हणजे धातू फवारण्याच्या, गनमध्ये दोन तारा एकमेकींजवळ येतात, त्यांच्यात वीज कडाडते, तापमान चार हजार अंशांच्या वर जातं आणि दाबाची हवा वितळलेला धातू उडवते. थेंब पत्र्यावर आपटून चपटा होतो आणि सेकंदाला दहा लाख अंश अशा वेगाने थिजतो. पत्रा मात्र दीडशे अंशांपर्यंतही तापत नाही. थेंब ५० मायक्रॉनचा धरला, तर एका चौरस मीटरवर दशांश मिलिमीटर जाडीसाठी सुमारे १५० कोटी थेंब लागतात. भारताच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. अ‍ॅल्युमिनियमचं वजन मात्र जेमतेम २७० ग्रॅम!

सूक्ष्मदर्शकाखाली या चकत्यांमध्ये छिद्रं दिसतात. मग पाणी आत शिरत नाही का? शिरतं. पण तिथे गंजणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमचंच बूच बसतं. खुद्द अ‍ॅल्युमिनियमवर हवेत आपोआप धरणारी ऑक्साइडची साय जेमतेम चार नॅनोमीटरची. अशा अडीच लाख साया रचल्या, तर एक मिलिमीटर भरेल. जस्ताचा मार्ग वेगळा. ते पोलादाआधी स्वतः झिजतं, म्हणून त्या चाचणीत समुद्राच्या पाण्यात टिकायला त्याला ३०० मायक्रॉन लागले.

आपल्याकडे रेल्वेपुलांच्या गर्डरांवरही अ‍ॅल्युमिनियमचं मेटलायझिंग करतात. त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते फवारणीच्या आधीचं ग्रिट ब्लास्टिंग, म्हणजे टोकदार कणांचा मारा करून पोलाद स्वच्छ आणि खरखरीत करणं. थेंब पोलादाशी वितळून एकजीव होत नाहीत, खरखरीत पृष्ठभागाच्या खाचांना धरून बसतात. तिथे गंज किंवा तेल राहिलं, की कोट्यवधी थेंबांचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. ब्लास्टिंग झालं की काही तासांतच पोलाद पुन्हा काळवंडू लागतं, म्हणून चांगला मुकादम पुढच्या चार तासांत फवारणी उरकतो. दमट हवेत तर तेवढाही वेळ तो देत नाही.