पहाटेची रिकामी थैली

२००६ साली लग्न होऊन मी दापोलीजवळच्या या घरी आले, तेव्हा खुराड्यात अकरा गावरान कोंबड्या होत्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू सापडला होता आणि गावोगाव लोक कोंबडीला हात लावायला घाबरत होते. आमच्याकडची पहिली कोंबडी मात्र त्या साथीनं गेली नाही. गळ्याखालच्या थैलीनं गेली.

काळी तलंग होती. दोन दिवस दाण्याला तोंड लावत नव्हती, सारखी मान ताणत होती. छातीच्या उजव्या अंगाला गच्च फुगवटा आला होता. सासूबाई म्हणाल्या, "उलटी धर गो तिला, पडेल सगळं." मी पाय धरून उलटी केली, थैली दाबली. चोचीतून घाण पाणी आलं, तलंग दोनदा झटकली आणि माझ्या हातातच मेली. सासूबाईंना बोल लावावा असं त्यात काही नव्हतं, सगळा गाव हेच करायचा. पुढं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चोच उघडून दाखवलं, श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं. उलटी धरून दाबलं की थैलीतलं पाणी थेट श्वासात जातं. त्या दिवसापासून या घरात कोंबडी उलटी धरली गेली नाही.

त्यांनीच दुसरी गोष्ट सांगितली, तिच्यावर माझी पुढची सगळी वर्षं चालली. कोंबडी संध्याकाळी थैली भरूनच झोपते. रात्रभर तो दाणा भिजत भिजत पेट्यात उतरतो आणि उजाडताना थैली हाताला सपाट लागते. संध्याकाळचा फुगवटा म्हणजे पोटभर जेवण, पहाटेचा म्हणजे दुखणं. तेव्हापासून खुराड्याचं दार उघडण्याआधी, दाणा-पाणी दाखवण्याआधी, शंका येईल तिच्या गळ्याखाली माझा हात जातो.

२०११ साली आम्ही अंगणात फरशी घातली. सारवणाचा त्रास गेला म्हणून मला कोण आनंद! पुढच्या दोन पावसाळ्यांत चार कोंबड्यांच्या थैल्या तुंबल्या. मी कण्यांना दोष दिला, बाजरी बदलून पाहिली. खरं कारण माझ्या पायाखाली होतं. कोंबडीला दात नाहीत. तिचा पेटा टिपलेल्या बारीक खड्यांनी दाणा दळतो. ते खडे तिला जांभ्याच्या अंगणात फुकट मिळत, ते मी फरशीखाली गाडले होते. पेट्यात दळण थांबलं की वरच्या थैलीतला माल तिथंच अडतो. त्यात पावसात चार दिवस कोंडलेली कोंबडी उघडीप मिळताच लांब, चिवट गवत अधाशासारखी ओढते आणि त्याचा बोळा होतो. फुटक्या मडक्यात जाड रेती आणि खडे ठेवायला लागले, तेव्हा हे कमी झालं. शिंपल्यांचा चुरा अंड्याच्या कवचासाठी चांगला, पण तो पोटात विरघळतो. खड्याचं काम त्यानं होत नाही.

गच्च थैलीवरचा माझा उपाय साधा राहिला. कोंबडी वेगळी डालायची, दिवसभर दाणा बंद, चोचीच्या कडेनं खोबरेल तेलाचे काही थेंब, घोट घोट कोमट पाणी, आणि उभी धरून बोटांनी हलकं चोळणं. दोन दिवसांत सैल झाली नाही तर दवाखाना. २०१४ साली एकीची थैली डॉक्टरांनी चिरली. आतून काथ्या, नायलॉनची दोरी आणि गुटख्याच्या पुडीचे तुकडे निघाले. थैलीला वेगळे टाके, कातडीला वेगळे. आठवडाभर पातळ पेज खाऊन ती उठली. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली. आमच्या परसातल्या चिंध्या मात्र मला अजून वेचाव्या लागतात.

सगळ्यात जास्त चुकले ते आंबलेल्या थैलीत. ती कडक नसते, पाण्याच्या फुग्यासारखी हलते, आणि चोचीला आंबलेल्या ताडीसारखा वास येतो. कोंबडी शिंकली तरी मी दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची पूड पाण्यात घालत असे. त्या पुडीनं पोटातले चांगले जंतू मरत होते आणि कॅन्डिडा ही बुरशी माजत होती. मग त्या बुरशीवरही मी तीच पूड देत होते! बुरशीला निस्टॅटिनसारखं वेगळं औषध लागतं, तेही डॉक्टरांनी मात्रा ठरवून दिलेलं. या अज्ञानात गेलेल्या तीन कोंबड्या मी विसरलेले नाही.

आणि कधी थैलीचा आजार थैलीचा नसतोच. २०१७ साली एकाच आठवड्यात पाच जणींच्या थैल्या पाण्यानं भरल्या. मी चोळत बसले. तिसऱ्या दिवशी हिरवट शीट आणि वळलेल्या माना दिसल्या. मानमोडी होती. आता पिल्लं आठवड्याची व्हायच्या आत डोळ्यात मानमोडीवरच्या लासोटा लशीचा थेंब पडतो आणि दोन महिन्यांची झाली की आरटूबीची लस.

सध्या खुराड्यात एक तांबडी आहे. तिच्या थैलीचे स्नायूच सैल पडलेत, ती लोंबते, आणि यावर उपाय नाही. तिला दिवसातून चार वेळा मूठ मूठ भिजवलेल्या कण्या देते. तिची थैली पहाटे पुरती सपाट होत नाही, पण हाताला मऊ लागते, वास येत नाही. आठवड्याला दोन अंडी देते.