विश्लेषण : गुन्हेगाराला इंटरनेटवरून ‘तडीपार’ करता येते का?

सोशल मीडियावरून धमक्या देणाऱ्या, छळ करणाऱ्या आरोपीला न्यायालय इंटरनेट बंद करू शकते का? आणि केले, तर ते खरेच बंद राहते का?

‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असे म्हणणाऱ्या ‘भाईं’चे व्हिडिओ ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यभर फिरले. दहशत माजवणाऱ्यांना नाशिक पोलिसांनी कॅमेऱ्यासमोर हे वाक्य म्हणायला लावले होते. कोयता मिरवणारी रील असो की बनावट खात्यावरून मुलीला दिलेला त्रास, अशा बातमीनंतर एक प्रश्न हमखास येतो : कोर्ट यांचा मोबाइलच का काढून घेत नाही?

कायद्यात अशी शिक्षा आहे का?

नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४ मध्ये सहाच शिक्षा आहेत : फाशी, जन्मठेप, कारावास, मालमत्ता जप्ती, दंड आणि समाजसेवा. ‘इंटरनेटबंदी’ त्यात नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील तडीपारी दोन वर्षांपर्यंतची असते, पण ती जिल्ह्याच्या हद्दीतून. इंटरनेटला हद्दच नाही.

मग न्यायालये बंदी कशी घालतात?

जामिनाची अट म्हणून. जामीन देताना न्यायाच्या हितासाठी आवश्यक त्या अटी घालण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने न्यायालयांना दिला आहे. अट मोडली तर जामीन रद्द होऊ शकतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका आरोपीला दोन वर्षे किंवा खटला संपेपर्यंत सोशल मीडिया न वापरण्याची अट घातली होती. त्याच वर्षी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने एका विद्यार्थ्याला दोन महिने सोशल मीडियापासून दूर राहायला सांगितले होते.

दोषी ठरल्यानंतरही एक वाट आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडताना, पुन्हा गुन्हा घडू नये म्हणून अटी घालता येतात. बंधपत्राची मुदत मात्र कमाल तीन वर्षे.

महाराष्ट्रात असे घडले का?

सर्वांत गाजलेले उदाहरण यूट्यूबर रणवीर अलाहाबादियाचे. ‘इंडियाज गॉट लेटंट’मधील वक्तव्यावरून गुन्हे दाखल झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याला अटकेपासून संरक्षण दिले, पण कोणताही शो प्रसारित करण्यास मनाई केली. पासपोर्ट ठाण्यात पोलिसांकडे जमा करायला लावला. शोवर २८० कर्मचाऱ्यांचे पोट अवलंबून असल्याचे त्याच्या वतीने सांगण्यात आले. ३ मार्चला, सभ्यतेची मर्यादा पाळण्याच्या हमीवर, शो सुरू करण्याची परवानगी मिळाली.

ही बंदी पाळली गेली, कारण चेहरा ओळखीचा होता. नवा भाग आला असता तर काही मिनिटांत सर्वांना कळले असते. बनावट नावाने छळ करणाऱ्याला ही भीती नसते.

सरसकट बंदीबाबत सर्वोच्च न्यायालय काय म्हणते?

१० जानेवारी २०२० च्या ‘अनुराधा भसीन’ निकालानुसार इंटरनेटवरील अभिव्यक्तीला आणि व्यवसायाला घटनेच्या कलम १९ चे संरक्षण आहे. निर्बंध घालता येतात, पण ते प्रमाणात हवेत. जुलै २०२२ मध्ये पत्रकार मोहम्मद झुबेर यांना जामीन देताना त्यांना ट्वीट करण्यास मनाई करावी, ही उत्तर प्रदेश सरकारची मागणी न्यायालयाने फेटाळली. वकिलाला युक्तिवाद करू नको म्हणण्यासारखेच हे आहे, अशी टिप्पणीही झाली.

जुलै २०२४ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने आणखी एक मर्यादा आखली. आरोपीने गुगल मॅपवरील आपले ठिकाण पोलिसांना कळवत राहावे, ही जामिनाची अट रद्द झाली. जामिनाच्या अटीआडून पोलिसांना आरोपीच्या खासगी आयुष्यात सतत डोकावता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे बंदी घातली तरी ती पाळली जाते की नाही, हे पाहण्यासाठी चोवीस तास पाळत ठेवणे अवघडच.

तांत्रिकदृष्ट्या एखाद्याला रोखता येते का?

खाते बंद करता येते, मजकूर हटवता येतो, फोन जप्त करता येतो. माणूस ‘ब्लॉक’ करता येत नाही. देशाच्या बहुतांश भागात एका व्यक्तीच्या नावावर नऊ सिम कार्डे चालतात. त्यात घरच्यांचा फोन आणि मित्राचा हॉटस्पॉट धरलेला नाही. मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना देतात, त्यामुळे तो पत्ता रोखला तर भलतेच अडकतात. जिथे मोबाइलला पूर्ण मज्जाव आहे, त्या तुरुंगांतही मोबाइल सापडतात. मग घरी बसलेल्या आरोपीचे काय?

संपूर्ण बंदी घातली तर?

यूपीआय बंद, ऑनलाइन सातबारा बंद, लासलगावचा कांद्याचा भाव मोबाइलवर पाहणे बंद. इतकेच काय, आपल्याच खटल्याची पुढची तारीख ‘ई-कोर्ट्स’ अॅपवर पाहिली तरी अटीचा भंग! जी अट पाळताच येत नाही, ती मोडल्याबद्दल जामीन रद्द करणेही न्यायालयाला जड जाते.

परदेशात काय चित्र आहे?

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या ‘पॅकिंगहॅम’ खटल्यात, लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना सोशल मीडिया बंद करणारा नॉर्थ कॅरोलिनाचा कायदा रद्द केला. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०११ मध्येच संपूर्ण इंटरनेटबंदी नाकारून वेगळी वाट सुचवली : इंटरनेट वापरा, पण ब्राउझिंगचा इतिहास पुसायचा नाही आणि पोलिसांनी मागितले की उपकरण तपासायला द्यायचे.

मग पीडितांनी काय मागावे?

‘इंटरनेट बंद करा’ यापेक्षा नेमक्या अटी मागाव्यात : पीडितेशी कोणत्याही खात्यावरून, कोणामार्फतही संपर्क नको, तिचे नाव, फोटो, व्हिडिओ टाकायचे नाहीत, असलेला मजकूर हटवायचा, वापरात असलेली खाती व क्रमांक पोलिसांना कळवायचे. अशी अट मोडली की सिद्ध करता येते.

जामिनाच्या सुनावणीत पीडितांना बाजू मांडण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये, लखीमपूर खिरी प्रकरणात स्पष्ट केले. त्रास पुन्हा सुरू झाला तर स्क्रीनशॉट, लिंक, तारीख आणि वेळ जपून ठेवावी, पोलिसांना कळवावे आणि जामीन रद्द करण्यासाठी अर्ज करावा.

थोडक्यात, न्यायालय इंटरनेटवर बंदी घालू शकते, पण ती मोडली जात असल्याचे बहुतेक वेळा आधी कळते ते पोलिसांना नव्हे, पीडितेला. म्हणूनच अट अशी हवी, की तिने फोन पुढे केला आणि न्यायाधीशांना एका नजरेत समजले.