कुंभकोणमचे भात आणि मेंडेलचे गणित

महाराष्ट्रातला माणूस कुंभकोणमला जातो तो बहुधा देवदर्शनाला. बारा वर्षांनी येणारे महामहम, सारंगपाणीचे गोपुर, पितळी समया, एवढे पाहून तो परततो. फार तर तंजावरच्या भोसले राजांच्या काळापासून तिकडे स्थायिक झालेल्या एखाद्या घरातली निराळ्या वळणाची मराठी त्याच्या कानी पडते. गणिती रामानुजन यांचे बालपण याच गावात गेले. मी आज ज्या गणिताविषयी बोलणार आहे ते रामानुजनांच्या गणिताहून पुष्कळ सोपे आहे. पण शेतात उतरले की तेच माणसाला चकवते.

कुंभकोणमहून मयिलाडुदुरैच्या वाटेने निघाले की थोड्याच अंतरावर आडुदुरै लागते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील या गावी १९२२ साली भात संशोधन केंद्र निघाले. जूनमध्ये पेरायचे अल्पमुदतीचे कुरुवै आणि पुढचे दीर्घमुदतीचे सांबा ही तिथली मुख्य पिके.

भाताची दोन मोठी घराणी आहेत. आपल्याकडचे ते इंडिका आणि जपान-कोरियाकडचे ते जपोनिका. आपले भात उंच वाढते. त्याला खत अधिक घातले की पाला माजतो, लोंबीच्या भाराने ताट वाकते आणि ऐन कापणीच्या तोंडावर पीक लोळते. जपोनिका ठेंगणे, ताठ उभे राहणारे. खताचे मोल दाण्यातून परत करणारे. मात्र त्याचा भात शिजल्यावर चिकट होतो, आणि मोकळ्या भाताची सवय असलेल्या आपल्या पंगतीत तो कोणी आवडीने खाणार नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची आठवण ताजी होती, परदेशाहून धान्य आणावे लागत होते. तेव्हा या दोन घराण्यांचा विवाह लावावा, असे ठरले. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, अन्न व शेती संघटनेच्या साहाय्याने, कटकच्या मध्यवर्ती भात संशोधन संस्थेत हे काम सुरू झाले. कुंभकोणमलाच १९२५ साली जन्मलेले डॉ. स्वामिनाथन यांनीही १९५४ साली काही महिने तेथे हेच काम केले.

विवाह लावायचा म्हणजे काय करायचे? भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून आदल्या संध्याकाळी तुसाचे टोक कातरून आतले सहाही पुंकेसर चिमट्याने अलगद काढायचे, लोंबीवर कागदी पिशवी चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फुले उमलण्याच्या वेळी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर झटकायचे. हात हलका हवा आणि धीर दांडगा.

पुढे काय होईल ते मेंडेल सांगून गेला. उंच व ठेंगण्याचा संकर केला की पहिली पिढी सगळी उंच, आणि दुसऱ्या पिढीत चारांत एक ठेंगणे. फिलिपाइन्समध्ये १९६२ साली पेटा आणि डी-जिओ-वू-जेन या दोन इंडिका वाणांचा संकर झाला तेव्हा नेमके असेच घडले, आणि त्यातून पुढे प्रसिद्ध आय. आर. ८ निघाले. पण शेतकऱ्याला एकच गुण पुरत नाही. ठेंगणेपणासारखे दहा अप्रभावी गुण एकाच रोपात हवे असतील, तर ते स्वतंत्रपणे वाटले जातात असे धरले तरी, १०,४८,५७६ रोपांत सरासरी एक मनाजोगते मिळेल. एवढी रोपे लावायला शेत कुठले आणि ती न्याहाळायला डोळे कुठले?

कटकला अडचण त्याहून खोल निघाली. आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, बागवानांना वेगवेगळ्या प्रजातींचे, इतकेच काय वेगवेगळ्या वंशांचे संकर सहज साधतात आणि त्यांची संततीही अनेकदा फळते. येथे दोन्ही बाजूंना भातच; पण संकराचे रोप जोमाने वाढून लोंबी हाती घ्यावी तो निम्मे-अधिक दाणे पोल! जपानमधील काटो यांनी १९२८ साली याच वांझपणावरून ही दोन घराणी वेगळी मानली होती. त्याचे एक मोठे कारण सहाव्या गुणसूत्रावरील एस ५ या जागी आहे, हे पुढे १९८० नंतरच्या संशोधनाने दाखविले. इंडिकाकडून आलेला एक घटक विषासारखा वागतो, त्याचा उतारा शेजारीच असतो. ज्या बीजांडाच्या वाट्याला तो उतारा येत नाही, ते करपते. म्हणजे मरतात ती जपोनिकाचा वारसा घेणारी बीजांडे. मग एकास तीन हे प्रमाण टिकणार कसे? गंमत अशी की दाण्याचा चिकटपणा ठरविणारे जनुकही त्याच गुणसूत्रावर, त्याच बाजूला आहे. त्यामुळे वाचलेल्या रोपांत आपल्याकडचा मोकळा दाणा हिशेबापेक्षा अधिक येतो. मेंडेलच्या नियमाला येथे बाध येत नाही. जी बीजांडे फळालाच आली नाहीत, त्यांची मोजदाद होत नाही, एवढेच.

एवढ्या खटाटोपातून शेतात टिकलेले वाण बोटांवर मोजावेत इतकेच. त्यातले एक आडुदुरैचे. माता-पितरांत एक जपानी नोरिन १० (गव्हाचा सुप्रसिद्ध नोरिन १० निराळा, जपानी सरकार प्रत्येक पिकाला स्वतंत्र क्रमांक देत असे). दुसरे आपले जी. ई. बी. २४, कोईमतूरला पार्नेल यांना कोनामणी या वाणात आपोआप उद्भवलेले, बारीक दाण्याचे. त्यांचे अपत्य ए. डी. टी. २७ हे १९६५ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या हाती पडले. सुमारे १०५ दिवसांत तयार होणारे हे वाण कुरुवैच्या चौकटीत नेमके बसले आणि तंजावर जिल्ह्यात झपाट्याने पसरले.

याच प्रकल्पातले दुसरे अपत्य मलायात वाढले. तैचुंग ६५ या जपोनिकाचा मायांग एबोस ८० शी संकर होऊन तिकडे महसूरी निघाले. ते भारतात परतले आणि आपल्या ओळखीच्या सोना मसुरीच्या आईबापांपैकी एक झाले. १९८६ सालच्या सांबा महसूरीत तर महसूरीबरोबर जी. ई. बी. २४ चेही रक्त आहे. कावेरीच्या मुलखात त्याच महसूरीतून निवडलेल्या वाणाला लोकांनी पोन्नी म्हटले. पोन्नी हे तमिळमध्ये कावेरीचेच नाव.