संगणक बंद पडला? आधी निदान, मग दुरुस्ती

कालपर्यंत नीट चालणारा डेस्कटॉप संगणक एके दिवशी सकाळी सुरूच होत नाही. बटण चार-पाच वेळा दाबून पाहिले जाते, कॅबिनेटला एखादी थापही बसते आणि मग कोणीतरी निकाल देऊन टाकते, ‘मदरबोर्ड गेला वाटतं!’ पुष्कळदा बिघाड मात्र सैल झालेली वायर, साचलेली धूळ किंवा संपलेला छोटा सेल एवढाच असतो. घाईत एखादा चांगला भाग बदलला गेला, तर पैसे जातात. पण दुकानाचे हिशेब, मुलांचे फोटो किंवा विद्यार्थ्याचा प्रबंध गेला, तर तो बाजारात विकत मिळत नाही. आणि विजेशी हयगय झाली, तर जिवाशीच गाठ पडते.

रुग्ण तपासताना आधी तक्रार ऐकतात, मग बाहेरून तपासतात आणि गरज पडली तरच आत पाहतात. संगणकालाही हाच क्रम लागू पडतो.

आधी चौकशी

बिघाड नेमका केव्हापासून आहे? आदल्या दिवशी वीज ये-जा करत होती का? नवा प्रिंटर किंवा पेनड्राइव्ह जोडला होता का? टेबल सरकवले होते का? या साध्या प्रश्नांतून अनेकदा कारण हाती लागते. पुढची तपासणी करताना एका वेळी एकच बदल करावा, यंत्र सुरू करून पाहावे आणि काय झाले ते कागदावर लिहावे. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर संगणक सुरू झाला तरी दोष कशात होता ते कळत नाही.

नोंद ठेवण्याची ही सवय जुनी आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क-२’ या संगणकाच्या रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तंत्रज्ञांनी तो नोंदवहीतच चिकटवून ठेवला. ते पान आजही स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडच्या कॅबिनेटमध्ये पतंगाऐवजी झुरळे, मुंग्या आणि पाली निघतात, एवढाच फरक.

काहीच हालचाल नाही

दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, म्हणजे वीज आत पोहोचत नाही. तपासणी भिंतीपासून सुरू करावी. त्याच सॉकेटवर मोबाइलचा चार्जर चालतो का, एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस ठीक आहेत का, हे पाहावे. कॅबिनेटच्या मागची जाड केबल नीट दाबून बसवावी. मॉनिटरची पॉवर केबल बहुधा तशीच असते, ती लावून पाहिली की दोष केबलचा आहे का ते लगेच समजते. पॉवर सप्लायवर, म्हणजे एसएमपीएसवर, मागच्या बाजूला छोटे बटण असते. साफसफाईत ते कधी कधी बंद होते. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असे लिहिलेले लाल बटणही असते. ते भारतात २३० वरच असायला हवे. ११५ वर सरकवले, तर एसएमपीएस जळू शकतो.

एवढ्यानेही काम झाले नाही, तर प्लग काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आत शिल्लक राहिलेला विद्युतभार त्याने उतरतो. मग कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, पेनड्राइव्ह असे सगळे काढून संगणक सुरू करावा. शॉर्ट झालेला एखादा पेनड्राइव्हही अख्खे यंत्र अडवून ठेवतो.

हाताला झिणझिण्या

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार अनेक घरांत आणि कार्यालयांत ऐकू येते. ‘थोडा करंट मारतो, पण चालतो’ म्हणून ती सोडून दिली जाते. हे अर्थिंग नसल्याचे लक्षण असू शकते. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांची एक बाजू पत्र्याला जोडलेली असते. तिथून येणारा किंचित प्रवाह अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायचा असतो. प्लगची जाड पिन मोडली असेल, तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडात घुसवला असेल किंवा भिंतीतली अर्थिंगची वायरच जोडलेली नसेल, तर तो प्रवाह माणसाच्या हातातून वाट काढतो.

झिणझिण्यांपुरता प्रवाह सहसा घातक नसतो. पण उद्या आतली वायर सोलून पत्र्याला टेकली, तर त्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि त्यांना जमिनीत नेणारे काही नसेल. त्यामुळे संगणक बंद करून आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून कॅबिनेटला हात लावू नये.

पंखा फिरतो, पण पडदा काळा

मॉनिटरचा स्वतःचा दिवा लागला आहे का, त्याची केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का, हे आधी पाहावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल, तर केबल त्या कार्डावरच हवी. ती चुकून मदरबोर्डाच्या जागेत लावली, तर अनेक संगणकांवर चित्र दिसत नाही.

सुरू होताना संगणक स्वतःची तपासणी करतो आणि दोष सापडला तर काही यंत्रे ‘बीप’ असा आवाज देतात. किती बीप म्हणजे कोणता दोष, हे कंपनीनुसार बदलते, म्हणून बीप मोजून मदरबोर्डाच्या पुस्तिकेत पाहावे. नेहमी आढळणारे कारण म्हणजे सैल झालेली रॅम. पावसाळ्यातल्या दमट हवेत, विशेषतः कोकणात, रॅमच्या पट्ट्यांवर मळाचा पातळ थर बसतो. प्लग काढून रॅम बाहेर घ्यावी, पट्ट्या स्वच्छ कोरड्या खोडरबराने अगदी हलक्या हाताने पुसाव्यात, खोडरबराचा चुरा झटकावा आणि दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत रॅम दाबून बसवावी. दोन रॅम असतील, तर एकेक लावून पाहावी.

आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला बोट टेकवावे. अंगावरच्या स्थिर विजेचा झटका माणसाला जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, नाजूक चिप मात्र शंभराच्या आतही बिघडू शकते.

अर्ध्या तासाने आपोआप बंद

हा बहुधा उष्णतेचा त्रास. तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की प्रोसेसर आपला वेग कमी करतो आणि तरीही थंडावा मिळाला नाही, तर संगणक बंद होतो. पंख्याखालच्या धातूच्या पात्यांत धुळीची गादी बसलेली असते. संगणक अंगणात किंवा गच्चीत नेऊन ब्लोअरने आणि मऊ ब्रशने ती काढावी. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो भरमसाट वेगाने फिरून खराब होतो. काम करणाऱ्याने मास्क लावावा. दमा किंवा धुळीची ॲलर्जी असलेल्याने हे काम दुसऱ्यावर सोपवावे. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नये.

घड्याळ मागे जाते

दर वेळी तारीख काही वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. तारीख चुकली की बँकेसारखी संकेतस्थळे उघडत नाहीत आणि लोकांना इंटरनेट बिघडल्यासारखे वाटते. बहुतेक संगणकांत तीन व्होल्टचा ‘सीआर २०३२’ सेल असतो. २० म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. काढलेला सेल टेबलावर ठेवू नये. लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आत गंभीर भाजते. अशी शंका आली, तर उलटी न करवता मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

टकटक आवाज आला, तर थांबा

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि त्यांच्यापासून केवळ काही नॅनोमीटरवर वाचक टोक तरंगते. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. डिस्कमधून ठरावीक लयीत टकटक येऊ लागली, तर ते टोक जागा शोधत धडपडत असू शकते. प्रत्येक नव्या प्रयत्नात चकतीवर ओरखडा उठण्याचा धोका असतो. म्हणून संगणक बंद करावा आणि माहिती महत्त्वाची असेल, तर ती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे डिस्क द्यावी. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला ऐकू नये, आत दव धरून नुकसान वाढते.

हात कुठे आखडावा

एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये. त्यातल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टचा भार असतो आणि तो प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो. जळका वास, ठिणगी किंवा फुगलेली यूपीएसची बॅटरी दिसली, तर मेन स्विच बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे.

बाकी सगळे भाग बदलता येतात, माहिती मात्र नाही. त्यामुळे संगणक धडधाकट असतानाच महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आणि दुसरी घराबाहेर किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत ठेवावी. त्या प्रतीतली एखादी फाइल अधूनमधून उघडूनही पाहावी, कारण न उघडणारी प्रत ऐनवेळी काही कामाची नसते.