बैरागढची नवी बाराखडी

पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान या देशांतून 31 डिसेंबर 2024पर्यंत भारतात आलेल्या अल्पसंख्याकांची कागदपत्रे अपुरी असली किंवा त्यांची मुदत टळलेली असली, तरी त्यांच्यावर कारवाई होणार नाही, असा आदेश केंद्र सरकारने सप्टेंबर 2025च्या आरंभी काढला. या आदेशाने राहण्याची मुभा मिळते, नागरिकत्व मिळत नाही. सुधारित नागरिकत्व कायद्याची 31 डिसेंबर 2014 ही सीमा तशीच कायम आहे. हा भेद वाचकांना आता परिचित आहे. भोपाळच्या पश्चिमेला इंदूर रस्त्यावर वसलेल्या बैरागढात, म्हणजेच आजच्या संत हिरदाराम नगरात, सिंध प्रांतातून येऊन राहिलेल्या कुटुंबांच्या बाबतीत मात्र त्याच्याइतकाच महत्त्वाचा आणखी एक भेद दिसतो, आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. देशात राहता येणे ही एक गोष्ट आहे आणि त्या देशातील पाटी वाचता येणे ही दुसरी.

बैरागढ ही मुळातच येऊन वसलेल्यांची वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांसाठी येथे बराकी उभारण्यात आल्या होत्या; फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांचे संसार मांडले गेले, आणि तेही भोपाळ संस्थान भारतात पूर्णपणे विलीन होण्याआधी, कारण ते विलीनीकरण 1 जून 1949 रोजी झाले. लष्करी छावणीतून उभ्या राहिलेल्या कल्याण कॅम्पचे त्याच वर्षी उल्हासनगर झाले, हा इतिहास महाराष्ट्रातील वाचकांना ठाऊक आहे. बैरागढचा आकार लहान, पण घडण तीच. आज येथे कापडाची मोठी बाजारपेठ आहे, संत हिरदाराम यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या शाळा व नेत्ररुग्णालय आहे, आणि चैत्र शुद्ध द्वितीयेला, म्हणजे गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, सिंधींचे आराध्य झूलेलाल यांच्या जयंतीचा चेटीचंड साजरा होतो. सिंधमधून आजही कोणी येते ते या ओढीने: आपली बोली बोलणारे शेजारी, साईभाजी व दाल-पकवान, आणि दोन पिढ्यांपूर्वी येथे आलेले नातलग.

सरकारी पातळीवर या माणसाचे पहिले बिऱ्हाड दीर्घ मुदतीच्या व्हिसावर मांडले जाते. एलटीव्ही या नावाने ओळखला जाणारा हा परवाना अल्पकालीन व्हिसा संपल्यावरही वर्षानुवर्षे राहू देतो, आणि एप्रिल 2025 मधील पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे इतर व्हिसा रद्द झाले तेव्हाही पाकिस्तानी हिंदूंना दिलेले हे परवाने वैध राहिले. 2016 मध्ये या परवानाधारकांना बँकेत खाते उघडणे, स्वतःच्या राहण्यासाठी घर घेणे, स्वयंरोजगार करणे, वाहन परवाना, पॅन व आधार मिळवणे आणि राज्याच्या हद्दीत मोकळेपणाने फिरणे या सवलती मिळाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस नागरिकत्वाचे अर्ज निकाली काढण्याचे अधिकार सात राज्यांतील 16 जिल्हाधिकाऱ्यांना देण्यात आले, त्यांत मध्य प्रदेशातील भोपाळ व इंदूर आणि महाराष्ट्रातील मुंबई, ठाणे, पुणे व नागपूर हे जिल्हे होते. या सवलतींचे महत्त्व कमी लेखता येणार नाही, कारण बँकेत खाते नसलेल्या माणसाला भाड्याचे घरही सहजासहजी मिळत नाही. जून 2024 मध्ये भोपाळात मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या हस्ते तिघा अर्जदारांना सुधारित कायद्याखालील प्रमाणपत्रे देण्यात आली, तेव्हा या वाटचालीचा शेवटचा टप्पाही दिसला.

या सवलतींच्या यादीत अक्षरओळखीचा मात्र उल्लेख नाही. नागरिकत्वाच्या अर्जात घटनेच्या आठव्या अनुसूचीतील, म्हणजे घटनेने मान्यता दिलेल्या भाषांच्या यादीतील, एका भाषेचे पुरेसे ज्ञान असल्याचे घोषित करावे लागते, आणि 2024 च्या नियमांनुसार ती भाषा बोलता, वाचता किंवा लिहिता यापैकी काहीही येत असले तरी ते पुरेसे मानले जाते. सिंधी 10 एप्रिल 1967 पासून या अनुसूचीत आहे, त्यामुळे सिंधमधील सक्करहून आलेली व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने पहिल्या दिवसापासून भाषासंपन्न ठरते. ही तरतूद उदार आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. परंतु ही व्यक्ती शाळेत जी सिंधी शिकली ती अरबी वळणाच्या, 52 अक्षरांच्या आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीत, व तिच्या जोडीने उर्दू. भोपाळच्या बसवरील फलक, दवाखान्यातील सूचना, मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी आणि विजेचे देयक मात्र देवनागरीत असते. चित्रपटांमुळे हिंदी कानावरून गेलेली असल्याने बोलण्याची अडचण लवकर सुटते, आणि नेमके त्यामुळेच न वाचता येण्याची अडचण इतरांच्या लक्षात येत नाही. जुन्या भोपाळात चौक बाजाराच्या आसपास अजून काही दुकानांवर उर्दू पाट्या आढळतात. बैरागढच्या सिंधी वस्तीत नव्हे, तर नवाबी शहराच्या त्या गल्ल्यांत या माणसाला कोणाच्या मदतीवाचून दुकानाचे नाव वाचता येते.

या लिपीच्या प्रश्नाशी एका मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे, आणि महाराष्ट्राला त्याचा विसर पडला आहे. 1843 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेलेला सिंध प्रांत 1847 मध्ये मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि 1 एप्रिल 1936 रोजी वेगळा होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ 90 वर्षे, त्याचा कारभार मुंबईशी बांधलेला होता. त्यामुळे शिक्षण खात्यातील मराठी अधिकारी कराचीला जात असत. नारायण जगन्नाथ वैद्य हे त्यांपैकी एक होत. त्यांच्या काळापर्यंत सिंधी एका लिपीत लिहिली जात नव्हती: व्यापारी आपल्या वह्या खुदाबादी किंवा हटवाणकी या झरझर लिहिता येणाऱ्या लिप्यांत ठेवत, नानकपंथी भाविक गुरुमुखी वापरत, तर फारसी शिकून दरबारी नोकरी करणारा आमिल वर्ग अरबी वळणाकडे झुकलेला होता. सरकारने 1853 मध्ये 52 अक्षरांची अरबी लिपी प्रमाण ठरवली. पुढे 1868 मध्ये, शिक्षण खात्याचे उपनिरीक्षक असलेल्या वैद्यांकडे व्यापाऱ्यांच्या खुदाबादी लिपीला शालेय रूप देण्याचे काम सोपवण्यात आले. व्यापारी लिखाणात स्वरचिन्हे बहुधा गाळली जात, ती आणून ही लिपी छापता व शिकवता येईल अशी करण्यात आली. मोडी आणि बाळबोध यांचे नाते ज्यांनी आपल्या आजोबांच्या दप्तरांत पाहिले आहे, त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. ती लिपी शाळेत रुजली नाही, कारण नोकरी अरबी लिपीच्या बाजूला होती आणि लिपी जिकडे पोट भरते तिकडेच जाते. पण कराचीतील सरकारी विद्यालय आजही वैद्यांच्या नावाने, एनजेव्ही या आद्याक्षरांनी, ओळखले जाते. वैद्यांचा प्रयत्न टिकला असता, तर आज बैरागढात उतरणाऱ्या माणसाच्या हाती देवनागरीची चुलत बहीण असली असती.

अडचण अक्षरांपाशी संपत नाही, ती शब्दांतही आहे. सिंधमध्ये ज्याला दरख्वास्त म्हणतात ते भोपाळच्या कचेरीत आवेदन असते, तस्दीक ही सत्यापन होते, आणि त्यापुढे मूल निवासी प्रमाणपत्र व शाळेपासून रेशनपर्यंत मध्य प्रदेशात पदोपदी विचारला जाणारा समग्र आयडी, म्हणजे कुटुंबाचा व त्यातील प्रत्येकाचा राज्यातील नोंदणी क्रमांक, उभा असतो. मराठी कारभारात अर्ज, दाखला, मुदत, वारस, जमीन, तारीख हे फारसी-अरबी वळणाचे शब्द अजून घट्ट रुजलेले असल्याने नागपूरच्या जरीपटक्यात किंवा पिंपरीत पोहोचलेल्या सिंधी कुटुंबाला कचेरीतील भाषा कानाला कदाचित जवळची वाटेल, जरी मराठी त्यांना सर्वस्वी नवी असली तरी. शिकलेल्या माणसाचे नुकसान तर दुहेरी होते, कारण त्याची पदवीही येथे थेट चालत नाही. पाकिस्तानातील पदवीवर भारतात नोकरी वा पुढील शिक्षण घेण्यासाठी निर्वासितांना आधी नागरिकत्व आणि मग गृहमंत्रालयाची सुरक्षा मंजुरी लागते, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अशा डॉक्टरांसाठी नोंदणीची वेगळी वाट उघडली, पण तीही 2014 अखेरपर्यंत आलेल्या व नागरिकत्व मिळवलेल्यांपुरतीच.

यावरचा उपाय खर्चिक नाही, आणि म्हणूनच तो झालेला नाही याची खंत वाटते. केंद्राचा उल्लास हा नवभारत साक्षरता कार्यक्रम 15 वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे, परंतु दोन लिप्या वाचणारा माणूस निरक्षर नाही, त्यामुळे तो त्या व्याख्येत बसत नाही. एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाणाऱ्या प्रौढाला मुळाक्षरे गिरवत बसण्याची गरज नसते. ध्वनी त्याच्या तोंडात असतात, फक्त त्यांची चित्रे बदलायची असतात, आणि काही महिन्यांच्या संध्याकाळच्या वर्गांनी ते साधू शकते. सुधारित कायद्याखालील अर्जांची जिल्हा पातळीवरील छाननी टपाल खात्याच्या अधीक्षकांच्या अध्यक्षतेखाली होते, म्हणजे 2014 अखेरपर्यंत आलेला माणूस आपली कागदपत्रे घेऊन टपाल खात्याच्या दारी येतोच. तेथे, किंवा त्याआधी दीर्घ मुदतीचा परवाना देतानाच, अशा वर्गाचा पत्ता त्याच्या हाती ठेवणे अवघड नाही.

शिकवणारेही बैरागढातच आहेत. देवनागरीत सिंधी लिहिताना ग, ज, ड, ब या चार अक्षरांखाली आडवी रेघ ओढतात, कारण श्वास आत ओढून उच्चारायचे सिंधीचे चार खास ध्वनी नागरीच्या मूळ अक्षरमालेत नाहीत. ही रेघ नवागताला दाखवताच त्याची स्वतःची बोली परक्या अक्षरांतून त्याच्याकडे परत येते. बैरागढच्या तरुण पिढीला सिंधी येते ती बहुधा याच रूपात किंवा नुसती बोलण्यापुरती, आणि फाळणीच्या सुमारास शाळेत जाणारी, अरबी लिपीत सहज वाचणारी पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे. सिंधमधून आलेल्या माणसाने आपल्या लिपीत लिहिलेली चिठ्ठी या वस्तीत कोणाला दाखवायची झाली, तर ती बहुतेक घरांत आजोबांच्या खाटेपाशीच न्यावी लागते.